व्हॉट्सॅप स्टेटसवरनं बहिणीची नोकरी गेली. चूक कुणाची आणि आता करायचं काय?

मिरजकर_तिकटी:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज स्वतःच धागा काढायची वेळ आली. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

माझी धाकटी बहीण गावातल्या एका मोठ्या साड्यांच्या दुकानात काउंटरला होती, सहा वर्षं चार महिने. आता 'होती' म्हणायला लागतंय. दुकानाचं नाव घेत नाही आणि कुणी अंदाज पण लावू नका, धागा उडेल.

झालं असं. लगीनसराईतला रविवार. बस्त्याचं गिऱ्हाईक आलं, नवरीकडची नऊ माणसं, साडेतीनला गादीवर बसली ती आठला उठली. शालू, पैठणी, कांजीवरम, मानपानाच्या, सगळं काढून झालं, ऐंशीच्या आसपास साड्या इस्कटलेल्या. दोनदा चहा, एकदा सोडा. ह्यात नवरीची मावशी म्हणून एक बाई होत्या त्यांनी पहिल्यापासनं बहिणीला धारेवर धरलेलं, हा काठ बारीक, तो रंग जुनाट, आणि मग एक पैठणी खांद्यावर टाकून दाखवताना सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हात धुतलीस काय गं? पदराला डाग लागंल." बहीण उठली, आत जाऊन हात धुवून आली आणि परत साडी धरली. शेवटी घेतलं काय तर आहेराच्या चार साड्या, साडेतीनशेवाल्या. बाकीचं म्हणे इचलकरंजीला बघू.

पावणेदहापर्यंत ती एकटी घड्या घालत बसलेली. त्या भरात स्टेटस टाकलं. साड्यांच्या ढिगाचा फोटो आणि खाली, "साडेचार तास, ८० साड्या, ४ आहेर. खिशात नाही आणा आणि मला बाजीराव म्हणा. माझे हात घाण म्हणे, तुमची तोंडं बघा आधी." फोटो तिनं ती माणसं उठत असताना काढलेला. तिला वाटलं नुसता ढीग आलाय. पण गादीच्या मागं भिंतभर आरसा आहे आणि त्या आरशात नवरी शालू खांद्यावर घेऊन उभी, शेजारी मावशी, दोघींची तोंडं स्वच्छ.

सकाळी दहाला दुकानाच्या गुगल रिव्ह्यूला एक स्टार, स्क्रीनशॉटसकट. साडेदहाला मालकानं बोलवून माफीनामा लिहून घेतला, सही घेतली आणि वर सांगितलं उद्यापासनं येऊ नको. चालू महिन्याचे १९ दिवसाचे पैसे पण "नुकसानीत धरले" म्हणाला. घरी येऊन बसली आणि म्हणाली, "दादा, मी काय चोरी केलो काय?"

तर सांगा. चूक तिची आहे हे मला पण कळतंय. पण एवढी?

पांढरा_रस्सा:
वाईट झालं भावा. पण खरं सांगू काय, राग बरोबर होता, फोटो चुकला. नुसतं "आज लई दमलो" टाकली असती तर चार बदाम आले असते आणि विषय संपला असता.

उद्यमनगरी:
मी इथं शिव्या खाणार हे माहीत असून लिहितो. माझं पण दुकान आहे, बेअरिंग आणि पुल्लीचं, साड्यांचं नाही, चार पोरं कामाला आहेत. मालकाच्या जागेवर बसून बघा एकदा. बस्ता म्हणजे लाख दीड लाखाचं बिल असतं आणि ते एक बिल नसतंय, ते घर जोडलं की पुढची दहा लग्नं, बारशी, डोहाळजेवणं तुमच्याकडं येतात आणि तुटलं तर त्यांची सगळी भावकी तुटते. पुढचं गिऱ्हाईक रिव्ह्यू वाचणार की ह्या दुकानात आपला फोटो काढून आपल्यालाच हसतात. मालकानं काय करायचं? रिव्ह्यूखाली लिहायला त्याला एकच वाक्य पाहिजे होतं, "संबंधित कर्मचाऱ्याला काढून टाकलं आहे." ते वाक्य लिहिता यावं म्हणून काढलीय तिला, हे मी लिहून देतो. माणूस वाईट नसेल पण धंदा असाच असतोय.

एक प्रश्न मात्र आहे. गिऱ्हाईकाला हिचं स्टेटस दिसलं कसं? व्हॉट्सॅपचं स्टेटस तर दोघांनी एकमेकांचा नंबर सेव्ह केला असेल तरच दिसतंय.

गुजरीची_पोर:
+१ उद्यमनगरी. हेच विचारणार होतो. मी बाई आहे, "होते" म्हणायचं म्हणून शाळेत मार खाल्लोय, कोल्हापूरच्या आहे म्हटल्यावर समजून घ्या.

मिरजकर_तिकटी:
@उद्यमनगरी, बरोब्बर जागेवर बोट ठेवलंत. हेच मला मूळ धाग्यात लिहायचं होतं, रागात राहून गेलं.

दुकानाचा नियमच आहे तसा. लॉकडाऊन उठल्यानंतर सुरू केला. प्रत्येक काउंटरच्या पोरीनं गिऱ्हाईकाचा नंबर स्वतःच्या मोबाईलमध्ये सेव्ह करायचा, स्वतःचा नंबर गिऱ्हाईकाला द्यायचा आणि "ताई, सेव्ह करून ठेवा, नवीन माल आला की माझ्या स्टेटसला दिसेल" म्हणायचं. रोज सकाळी मालकाच्या ग्रुपवर १० ते १५ साड्यांचे फोटो येतात ते हिनं आपल्या स्टेटसला चढवायचे. मोबाईल हिचा, रिचार्ज हिचा. नवरी पंधरा दिवस आधी आईबरोबर नुसती बघायला आलेली तेव्हा नंबर घेतला होता. मोबाईलमध्ये त्या मुलीचं नाव "नवरी शालू जयसिंगपूर" असं आहे. असे सहाशेच्या वर नंबर आहेत तिच्याकडं. सकाळच्या साड्या बघून झाल्या की खाली भाच्याचा वाढदिवस, त्याखाली आमच्या आईचं श्राद्ध, आणि त्याखाली हे.

पांढरा_रस्सा:
हात तिच्या. म्हणजे दुकानाचा बोर्डच पोरीच्या गळ्यात अडकवलेला, आणि बोर्डावर लिहिलं म्हणून काढली.

उद्यमनगरी:
हे माहीत नव्हतं. मत थोडं हललं. थोडंच.

धुक्यातला_पन्हाळा:
मी मूळचा आपल्या तिकडचाच, सध्या इंग्लंडमध्ये. इथं हे प्रकार कोर्टापर्यंत गेलेत म्हणून दोन किस्से टाकतो.

पहिला २००८ चा, व्हर्जिन अटलांटिक विमान कंपनीचा. त्यांच्या केबिन क्रूमधल्या काहीजणांनी फेसबुकवर प्रवाशांची टिंगल केली, त्यांना 'चॅव्ह' म्हणाले, म्हणजे आपल्याकडं पोरं 'छपरी' म्हणतात तसला शब्द, आणि वर विमानात झुरळं आहेत वगैरे. कंपनीनं १३ जणांना घरी बसवलं. ह्यात प्रवाशाला शिवी आणि मालाची बदनामी दोन्ही होतं त्यामुळं फार कुणी हळहळलं नाही.

दुसरा किस्सा तुमच्या बहिणीच्या जास्त जवळचा. वेदरस्पून म्हणून इथं पबची साखळी आहे, गावोगावी. त्यातल्या एका पबच्या शिफ्ट मॅनेजर बाईला दोन गिऱ्हाईकांनी शिवीगाळ केली, धमक्या दिल्या. म्हणजे तिची चूक नाही, उलट तिनं ते नीट हाताळलं होतं. पण नंतर ड्युटीवर असतानाच फेसबुकवर त्यांच्याबद्दल वाटेल ते लिहिलं. तिला वाटलं आपल्या जवळच्या लोकांनाच दिसतंय. दिसलं त्या गिऱ्हाईकाच्या मुलीला. नोकरी गेली. बाई ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे इथल्या नोकरीच्या तंट्यांच्या कोर्टात गेली, २०११ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूनं लागला. मुख्य मुद्दा असा की कंपनीच्या नियमात फेसबुकबद्दल आधीच लिहिलेलं होतं आणि बाईला ते माहीत होतं. चिथावणी झाली हे ट्रिब्युनलनं मान्य केलं, पण काढणं बेकायदा ठरवलं नाही.

म्हणून विचारतो, बहिणीच्या दुकानात असं काही लेखी होतं काय?

मिरजकर_तिकटी:
लेखी? नेमणुकीचं पत्रच नाही. पगार पण दीड वर्षापासनं बँकेत यायला लागलाय, आधी पाकिटात यायचा.

गुजरीची_पोर:
छपरी हा शब्द जरा जपून वापरा मंडळी. तो एका समाजाच्या नावावरनं आलाय, छप्पर शाकारणारी माणसं ती. धाग्याचा विषयच दुसऱ्याला काय म्हणावं हा आहे म्हणून बोललो.

धुक्यातला_पन्हाळा:
मान्य. संपादनाची सोय नाही इथं, नाहीतर बदललं असतं.

पुण्याची_सून:
मी गिऱ्हाईकाच्या बाजूनं लिहिते, कारण कुणीच लिहीत नाहीये. (पुण्याची आहे, लग्न होऊन शाहूपुरीत आले, आता काढा सगळे विनोद आधी.)

त्या मुलीचं काय? मावशी नव्हे, नवरीचं म्हणतेय. तिनं काय केलं होतं? स्वतःच्या लग्नाची साडी खांद्यावर टाकून आरशात बघत होती बिचारी. तिच्या सासरच्यांपर्यंत तो स्क्रीनशॉट गेला नसेल कशावरून? "खिशात नाही आणा" हे नवरीच्या घराबद्दल लग्नाच्या महिनाभर आधी गावभर फिरलं तर त्याचा अर्थ काय होतो हे आपल्याला माहीत आहे. पैसे नसणं हा गुन्हा नाही, बस्ता बघून न घेणं हा पण नाही. ऐंशी साड्या बघायला मी पण बसले होते माझ्या लग्नात आणि घेतल्या सात. दुकानदारीत घड्या घालणं आलंच.

मावशीबाईंचं वागणं वाईटच, त्यात वाद नाही.

मिरजकर_तिकटी:
@पुण्याची_सून, हे वाचून पाच मिनिटं मोबाईल खाली ठेवला. आमच्या घरात नवरीचा विचार कुणीच केला नव्हता, खरं सांगतो. बहिणीला वाचून दाखवलं. काही बोलली नाही.

भवानी_मंडप_कट्टा:
मिसळ खाऊन शांत व्हा सगळे. पहिली मिसळ कुठली ते वेगळ्या धाग्यात भांडू.

नाईट_ड्युटी:
मी नर्स आहे, सोळा वर्षं. नातेवाइकांकडनं काय काय ऐकून घेतोय ते लिहिलो तर हा धागा पुरायचा नाही. "हात धुतलीस काय" हे मला रोज विचारतात, तिथं ते बरोबर पण आहे, पण विचारायची तऱ्हा असती. साडीच्या दुकानात ज्या सुरात विचारलं असेल ना तो सूर मला इथं बसून ऐकू येतोय. त्यात हात नसतो विचारायचा, त्यात तू कोण कुठली ते असतंय. त्यामुळं त्या पोरीचं डोकं का फिरलं हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

तरी पण आमच्यात नियम सरळ आहे, पेशंट कुठल्याच फोटोत नाही. चेहरा नाही, पाठ नाही, केसपेपर नाही, बेड नंबर नाही. गेल्या वर्षी आमच्या एका ज्युनिअर पोरीनं वॉर्डात रील केली, मागं सलाईन लावलेला पेशंट झोपलेला. दोन दिवसात राजीनामा. ती पण रडत होती की मी त्याला काही म्हटलं नव्हतं. म्हणायची गरज नसती ना, तो माणूस तिथं गाऊन घालून पडलेला, त्याला कोण विचारलं?

आणि एक. राज्य सरकारनं २०२५ च्या जुलैत सरकारी कर्मचाऱ्यांसाठी सोशल मीडियाचं परिपत्रक काढलं, त्यात एक बरं आहे की वैयक्तिक अकाउंट वेगळं आणि कामाचं अकाउंट वेगळं ठेवा म्हणून सांगितलंय. बाकीची बंधनं आवडोत न आवडोत. खासगी दुकानात नेमकं उलटं, पोरीचं आहे ते अकाउंट दुकानानं वापरायचं. मग त्यातनं काय बाहेर पडंल त्याची जबाबदारी निम्मी निम्मी नको?

पांढरा_रस्सा:
ताई नाद खुळा लिहिलासा.

माझा अनुभव. मी पंधरा वर्षं हॉटेल लाईनमध्ये, आधी वेटर, मग कॅप्टन, आता स्वतःची छोटी खानावळ. नवरात्रात आणि मे महिन्यात अंबाबाईच्या दर्शनाला येणारी गर्दी बघितलाय काय, रात्री साडेअकराला बारा जणांची टेबलं यायची आणि तांबडा पांढरा रस्सा अनलिमिटेड म्हटल्यावर वाट्या मोजायचं आम्हीच बंद करायचो. त्यात एकजण असा भेटायचाच की रस्सा सहा वेळा मागून शेवटी "चव नाही" म्हणून बिलात सूट मागणार. आम्ही काय करायचो? भटारखान्यात जाऊन त्याची नक्कल करायचो. त्याचं चालणं, त्याचं "ओ शुक शुक", सगळं. वस्ताद पोटात हात घालून हसायचा, पाच मिनिटात राग गेला. बाहेर येऊन परत "बोला साहेब". त्या नकलांचं रेकॉर्ड कुणाकडं नाही म्हणून मी आज खानावळ चालवतोय. आत्ताच्या पोरांचा भटारखाना मोबाईलमध्ये गेलाय, एवढंच झालंय.

उद्यमनगरी:
हे मात्र खरं हाय.

कावळा_नाका_स्टॉप:
@उद्यमनगरी काका, एक विचारू? राग येऊ देऊ नका. व्यापारी लोकांच्या ग्रुपवर उधारी बुडवणाऱ्यांचे फोटो, गाडी नंबर, चेक बाऊन्स झालेल्याची झेरॉक्स फिरती ती कशात बसती? तिथं कोण कुणाला काढतंय?

उद्यमनगरी:
ते वेगळं आहे. ते सावधगिरी म्हणून असतंय, बाकीच्यांचे पैसे अडकू नयेत म्हणून.

उद्यमनगरी:
बरं, तासभर विचार केला. वेगळं नाही. मागच्या दिवाळीत मी स्वतः एकाचा फोटो टाकलाय, खाली "ह्या महापुरुषाला ओळखून ठेवा" असं लिहून. त्याची बायको आमच्या मंडळीच्या भिशीत आहे हे नंतर कळलं. डिलीट केला, पण ग्रुपात १८० जण आहेत. मला कुणी दुकानातनं काढलं नाही, दुकान माझंच आहे.

गुजरीची_पोर:
काका, मानलं. हे कबूल करायला छाती लागते.

धुक्यातला_पन्हाळा:
फोटोत ओळख पटणं हाच सगळ्यात मोठा फरक पडतो असं मला वाटतं. अमेरिकेत २०१३ च्या जानेवारीत ॲपलबीज म्हणून हॉटेलच्या साखळीत झालं ते आठवा. मोठा ग्रुप जेवायला आला की तिकडं बिलात टिप आपोआप लावतात, १८ टक्के. बिल भरणाऱ्या बाई पाद्री होत्या, त्यांनी बिलावर पेनानं लिहिलं की मी देवाला १० टक्के देते, तुला १८ कशाला. दुसऱ्या एका वेट्रेसनं त्या बिलाचा फोटो रेडिटवर टाकला. तिला नुसतं ते वाक्य दाखवायचं होतं. पण सही दिसत होती, लोकांनी सहीवरनं बाई शोधून काढली, बाईनं तक्रार केली, वेट्रेस गेली. आणि मग पब्लिक कंपनीवरच तुटून पडलं. म्हणजे तिन्ही बाजू घाण झाल्या. तिकडं सही, इकडं आरसा.

कावळा_नाका_स्टॉप:
झोमॅटोचं पण झालेलं की. २०२१ च्या ऑक्टोबरात. तमिळनाडूतल्या गिऱ्हाईकाला चॅटवर कस्टमर केअरवाल्यानं सांगितलं की हिंदी राष्ट्रभाषा आहे, थोडी तरी यायला पाहिजे. त्यानं स्क्रीनशॉट ट्विटरवर टाकला, रान पेटलं, कंपनीनं काढलं म्हणून जाहीर केलं, आणि त्याच दिवशी मालकानं ट्विट करून सांगितलं की परत घेतोय, एवढ्यावरनं काढायला नको होतं. सकाळी नोकरी गेली, दुपारी आली. मोठी कंपनी म्हणून माघार घेतली तर मोठेपणा. आपल्याकडं मालकानं परत घेतली तर "गिऱ्हाईकापुढं नमला नाही" म्हणतील की "पोरीपुढं नमला" म्हणतील?

भवानी_मंडप_कट्टा:
स्टेटस हा प्रकारच वाईट. २०२३ च्या जूनमध्ये स्टेटसवरनं आपल्या गावात काय झालं ते विसरला काय? बंद, लाठीमार, नेट बंद. २४ तासात पुसलं जाणारं लिखाण, आणि त्याचा धूर किती दिवस.

पुण्याची_सून:
ते वेगळं प्रकरण आहे, इकडं आणू नका. धागा भरकटेल.

लेबर_लॉवाला:
उशिरा आलो, कोर्टात होतो. कामाचं बोलतो, कारण धाग्याच्या नावात "आता काय करायचं" पण आहे आणि त्याचं उत्तर कुणी दिलेलं नाही.

एक, १९ दिवसांचा पगार अडवता येत नाही. कामावरनं काढलं की दोन कामाच्या दिवसांत हिशोब चुकता करायचा असतो, वेतन संहितेत तसं आहे आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासनं ती लागू आहे. "नुकसानीत धरलं" हे गादीवरचं बोलणं झालं. कपात कशाकशाची करता येते ते कायद्यात ठरलेलं आहे आणि गुगलचा एक स्टार त्यात नाही.

दुसरं, आणि हे तुम्ही सगळे विसरलात, ग्रॅच्युइटी, म्हणजे बरीच वर्षं काम केलेल्याला नोकरी संपताना मालकानं द्यायची एकरकमी रक्कम. दुकानात दहा किंवा जास्त माणसं असतील आणि पाच वर्षं सलग झाली असतील तर ती मिळते. शेवटचा महिन्याचा पगार गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. बहिणीचा पगार समजा १२,५०० धरला तर सहा वर्षांचे साधारण ४३,२६९ रुपये होतात. काढून टाकलं म्हणून ती आपोआप बुडत नाही. मालमत्तेचं नुकसान, दंगामस्ती मारामारी, नाहीतर नोकरीच्या ओघात नैतिक अधःपतनाचा गुन्हा, असलं काही असेल तरच जप्त करता येते. स्टेटसला बसवणं अवघड आहे. मालकाकडं लेखी अर्ज द्या, पोच घ्या, ३० दिवसांत द्यायला लागते.

नोकरी परत मिळेल काय? प्रामाणिक सांगतो. चार्जशीट नाही, चौकशी नाही, तिचं म्हणणं ऐकलं नाही, त्यामुळं केस आहे. पण मालकाला कोर्टात सुद्धा गैरवर्तन सिद्ध करायची संधी मिळते आणि तुमच्या बहिणीनं माफीनामा स्वतःच्या हातानं लिहून दिलाय. ही चूक सगळे करतात. घाबरलेला माणूस समोर कागद आला की लिहितो. वर्षं जातील आणि शेवटी बहुतेक एकरकमी पैशावर मिटेल. सहायक कामगार आयुक्तांच्या ऑफिसात अर्ज केला तर निदान मालकाला बोलवून समोरासमोर बसवतात, बरीच प्रकरणं तिथंच मिटतात.

आणि दुसरी बाजू पण ऐका. नवरीकडच्यांनी मनात आणलं तर बदनामीची तक्रार करू शकतात, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. टिकेल न टिकेल पुढचं पुढं. पण तुम्ही आता रिव्ह्यूखाली उत्तरं लिहीत बसू नका. मित्रांना पण सांगा.

मिरजकर_तिकटी:
@लेबर_लॉवाला, साष्टांग दंडवत. (रिव्ह्यूखाली माझ्या दोन मित्रांनी आधीच लिहिलं होतं, आत्ता फोन करून काढायला लावलं.)

पगार ११,८०० होता, वर प्रत्येक पैठणीमागं ३० रुपये. दुकानात २२ माणसं आहेत. ग्रॅच्युइटी हा शब्द बहिणीनं आज पहिल्यांदा ऐकला.

नाईट_ड्युटी:
बावीस माणसं आणि एकाला पत्र नाही. आता माझं डोकं फिरायला लागलंय. स्टेटस टाकत नाही, झोपतो.

(बारा दिवसांनी)

मिरजकर_तिकटी:
पुढं काय झालं ते सांगतो.

मामाला घेऊन दुकानात गेलो. मामा निवृत्त तलाठी, कागद कसा सरकवायचा त्याला माहीत आहे. अर्ज दिला, पोच मागितली. मालक आधी चिडला, मग हिशोबनीसाला बोलवलं, मग चहा आला. १९ दिवसांचे पैसे तिथंच दिले. ग्रॅच्युइटी दोन चेकनं देतो म्हणाला, पहिला मिळाला, तो वटला. नोकरीचं काढलंच नाही, आम्ही पण आणि त्यानं पण. निघताना मालक बहिणीला म्हणाला, "तू माझी सगळ्यात चांगली पोरगी होतीस गं काउंटरला." ती म्हणाली, "मग एकदा विचारायचं होतं की, काय झालं म्हणून." त्यावर तो गल्ल्यातल्या पावत्या लावायला लागला.

दुसरं, त्या नवरीचा मेसेज आला. म्हणे ताई, मावशी बोलली ते मला तेव्हाच आवडलं नव्हतं पण मी गप्प बसले, रिव्ह्यू मामेभावानं टाकला, काढायला सांगितलाय, पण माझा फोटो टाकायला नको होता. बहिणीनं चार दिवस उत्तर दिलं नाही. काल "चुकलं माझं, लग्नाच्या शुभेच्छा" एवढंच लिहिलं. रिव्ह्यू अजून आहे.

तिसरं, काल राजारामपुरीतल्या एका दुकानात मुलाखत झाली. सहा वर्षांचा अनुभव ऐकून मालकीणबाई खूश. जुन्या दुकानातनं का सोडलं ते विचारलंच नाही. विचारलं काय माहीत आहे? "तुझ्या मोबाईलमध्ये गिऱ्हाईकांचे नंबर किती आहेत?"

उद्यमनगरी:
अरे देवा.

गुजरीची_पोर:
मग काय सांगितली?

मिरजकर_तिकटी:
सांगितलं की नाहीत. खोटं बोलली. मग रात्री घरी येऊन खरं करत बसली. मी बाजूला टीव्ही बघत होतो आणि ही एकेक नाव वाचून पुसत होती, कांजीवरम काकू कागल, सहावार हेडबाई, इरकल गडहिंग्लज, उधारी नको हिला. ४१० झालेत. सगळे एकदम डिलीट करायची काही सोय आहे काय मोबाईलमध्ये, कुणाला माहीत असेल तर सांगा. घरच्यांचे नंबर मधे मधे आहेत म्हणून भीती वाटते. "नवरी शालू जयसिंगपूर" ठेवलाय, लग्न होऊ दे म्हणाली.

कावळा_नाका_स्टॉप:
एक नाव दाबून धरा, मग बाकीच्यांवर टिक करत जायचं, वर डिलीट येतंय. आणि नवीन ठिकाणी सांगा म्हणावं, दुकानानं वेगळं सिम आणि मोबाईल दिला तरच नंबर सेव्ह करीन.

मिरजकर_तिकटी:
तेच सांगितलं तिनं. मालकीणबाई विचार करून कळवते म्हणाल्यात.

पांढरा_रस्सा:
लागली नोकरी की दुकानाचं नाव व्यक्तिगत निरोपात कळव भावा. मंडळीला साडी घ्यायची आहे. दोनच काढायला लावतो, शपथ.